साडेतीन

मावशी माझी कुणी लागत नाही. मीच तिला कागदावर जन्माला घातली, एवढंच नातं. बेळगावच्या शहापुरातली मांडे करणारी बाई. नवरा लवकर गेलेला. लग्नसराईत बेळगाव, खानापूर, निपाणीपर्यंत बोलावणं येतं, आणि जिथं ती खापर मांडते तिथं काहीतरी हरवतं किंवा कुणीतरी खोटं बोलतं. 2007 साली एका दिवाळी अंकात ती पहिल्यांदा आली. 2021 पर्यंत तिच्या आठ लघुकादंबऱ्या झाल्या. आठांत मिळून खून दोनच, तेही पडद्याआड. रक्त दाखवायचं नाही, हा माझा नियम. पुण्यात राहणारी माझी भाची म्हणाली, या प्रकाराला कोझी मिस्टरी म्हणतात. मी तेहतीस वर्षं एका पतसंस्थेत कॅशियर होते. माणसं कशासाठी खोटं बोलतात ते काउंटरमागून फार जवळून दिसतं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातात सुरा नसतो. तेव्हा मला वेगळ्या नावाची गरज पडली नव्हती.

गोष्टी मात्र मागं पडत गेल्या. कुठल्या दिवाळी अंकानं कादंबरीऐवजी दहा पानांची कथा मागितली की मी मावशीचीच द्यायची. कधी तिच्याऐवजी पोस्टमनची, कधी कुंदा या मिठाईच्या दुकानातल्या अण्णांची, कधी मार्केट ठाण्याच्या कन्नड हवालदाराची. अशा चौदा झाल्या होत्या. त्यांचं पुस्तक करावं असं माझ्या डोक्यात नव्हतं. कडोलीच्या साहित्य संमेलनाला गेले होते. ग्रंथदिंडी होऊन गेली, मांडवात पहिलं सत्र सुरू व्हायचं होतं, आणि एक शेतकरी गृहस्थ शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. त्यांनी मावशीची चौकशीच केली नाही. विचारलं, "काकू, त्या पोस्टमनच्या पोरीचं लगीन झालं काय ओ?"

झालं होतं. पण ते ज्या कथेत झालं होतं, तो अंक चारशे प्रतींच्या वर गेला नसेल. त्यांनी तो पाहिलाच नव्हता. ते जरा नाराजच झाले. आपल्या ओळखीच्या घरचं लग्न आणि आपल्याला पत्रिका नाही, तसे.

कोल्हापूरच्या माझ्या प्रकाशकांना फोन केला तर ते म्हणाले, "बाई, कथासंग्रह खपत नाहीत. त्यात हे मालिकेतलं उरलंसुरलं." त्या 'उरलंसुरलं'चा मला राग आला. रहस्यकथांपुरतं बोलायचं तर मिस मार्पल कादंबरीत जन्मलीच नाही. अगाथा ख्रिस्तीनं तिला 1927 साली एका मासिकातल्या कथेत आणली, मंगळवारी संध्याकाळी जमून एकमेकांना कोडी घालणाऱ्या मंडळींतली विणकाम करणारी म्हातारी म्हणून. कादंबरी आली 1930 ला. तेरा कथांचा संग्रह 1932 ला. म्हणजे गोष्टी आधी, कादंबरी मागून. हे मी फोनवर सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, "कागदाचा भाव 1932 चा नाही." पण हो म्हणाले.

आधी चौदाही कथा हातात येणं भाग होतं. माझ्याकडे नऊ होत्या. दोन सार्वजनिक वाचनालयात जुन्या अंकांत सापडल्या. तिथं टेबलावर बसून मी हातानं उतरवून काढल्या, कारण मोबाइलवर काढलेल्या फोटोत बांधणीकडची अक्षरं गिळली जात होती. दोन एका वाचकाकडे निघाल्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगावात शिरलं तेव्हा त्यांनी म्हणे टीव्ही आणि दिवाळी अंक एकाच वेळी माळ्यावर चढवले. चौदावी एका अंकाच्या संपादकांकडे होती आणि ते म्हणाले, कथा आमची. मानधन दिलंय, म्हणजे हक्क आमचे.

मानधन दिलं होतं, पाचशे रुपये. पण कुठं सही केल्याचं मला आठवेना. ओळखीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं एकोणिसावं कलम काढून दाखवलं: हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. माझा कागदच नव्हता, आणि कथा होती 2011 ची. मी त्या संपादकांना भांडणाचं पत्र लिहिलं नाही. कलमाचा आकडा आणि संक्रांतीचा तिळगूळ, दोन्ही एका पाकिटात घालून पाठवलं. आठ दिवसांत कथा आली. तिळगुळाबद्दल काही बोलले नाहीत.

मग बसले वही घेऊन, आणि तिथं माझी खरी गाळण उडाली.

चौदा वर्षांत मी मावशीला एक दिवसानंही म्हातारी केली नव्हती. पहिल्या पुस्तकात ती अठ्ठावन्नची. त्या हिशेबानं आठव्यात बहात्तर, आणि त्यात ती येळ्ळूरचा राजहंसगड चढते. तरी मावशीचं एकवेळ चालून जाईल, वाचक स्वतःचंही वय मोजत नाही. गावाचं काय करायचं? गाव बदलून बसलं होतं. पहिल्या चार पुस्तकांत पाट्यांवर बेळगाव आहे, 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या गोष्टीत सरकारी कागदावर बेळगावी. एका कथेत तांदळाच्या डब्यात पाचशेच्या नोटांची चळत सापडते. ती 8 नोव्हेंबर 2016 च्या आधीची ठेवली तर चोरी, नंतरची ठेवली तर रद्दी. पोस्टमन पाचव्या पुस्तकात निवृत्त झालाय आणि सहाव्याच्या वेळच्या कथेत सायकलवर टपाल वाटतोय. आणि तिसऱ्या पुस्तकाचा सगळा डोलारा ज्या तिसऱ्या रेल्वे गेटावर उभा आहे, तिथं आता पूल.

पतसंस्थेत दिवसाअखेरीला कॅश जुळली नाही की घरी जाता यायचं नाही. तसंच केलं. वहीत उभे रकाने आखले: साल, सण, कुणाचं वय किती, गेट आहे की पूल, नोटा जुन्या की नव्या, हवालदार कुठल्या ठाण्याला. एकेक कथा त्यात बसवायची. बसली नाही तर कथेतला तपशील बदलायचा, छापून गेलेल्या कादंबरीला हात लावायचा नाही. यात तीन आठवडे गेले. पोस्टमनच्या हातची सायकल काढून घेतली आणि त्याला निवृत्तीनंतर सकाळी फिरायला पाठवला. रोजच्या टपालाच्या वाटेनंच फिरतो बिचारा, पाय तिकडंच वळतात. ती कथा आधीपेक्षा बरी झाली, हे कबूल करते.

भाचीनं एक युक्ती सांगितली. इंग्रजीत म्हणे अशा मालिकांच्या मधल्या गोष्टींना दशांशात क्रमांक देतात. तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकाच्या मधली असली तर तीन पूर्णांक पाच. मी म्हटलं, अगं, साडेतीन म्हण की. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं. अर्ध्याला मान देणं आपल्याला कुणी शिकवायला नको. मग प्रत्येक कथेच्या डोक्यावर तिची जागा लिहिली: दीड, अडीच, साडेचार, साडेपाच, साडेसहा. प्रकाशक साडेसातला अडले. "अनुक्रमणिकेत साडेसात बघितलं की लोक शनीला तेल घालायला जातील." त्या जागी 'आठव्याच्या आदल्या पावसात' असं लिहिलं.

डीटीपी करणारा खडेबाजारातला पोरगा हुशार. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकू, अडीचनंतर एकदम साडेचार? साडेतीन कुठाय?"

नव्हतीच. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या काळातली एकही गोष्ट मला कधी सुचली नव्हती. त्याला सांगितलं, त्या वर्षी काही घडलं नाही. तो हसला. ते तेवढ्यावरच राहिलं.

चौदातल्या सहा काढून टाकल्या. काढताना एक कळलं. कादंबरीत मावशी दहा घरं हिंडते, चहा पिते, चुकीच्या माणसावर संशय घेते, वाचकही तिच्याबरोबर चुकतो. दहा पानांत चुकायला जागा नाही. तिथं एकच गोष्ट, पण हातात धरता येईल अशी लागते. ज्या कथांत मी कादंबरीचाच आटवून काढा केला होता, त्या सहाच्या सहा मेल्या होत्या. तगल्या त्या आठ. नववी नवी लिहिली, आणि ती लिहिताना मला जी मजा आली ती कुठल्याच कादंबरीत आली नव्हती.

ती मांड्याचीच आहे. मांडे होताना पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगते. चुलीवर मातीची खापर पालथी घातलेली असते. पिठीसाखर भरलेली मऊ पोळी बाई लाटण्यावर वाढवत बसत नाही. दोन्ही हातांवर घेऊन, मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत वाढवते, धोतराच्या पदराएवढी पातळ होईपर्यंत, आणि खापरीवर टाकते. क्षणात होते. काढली की गरम असतानाच चौघडी घालायची. चार श्वास उशीर झाला की ती कडक होते, आणि मग घडी घालायला गेलात तर मोडते. कथेत लग्नघरातली अंगठी मांड्याच्या घडीत सापडते. घरातले सगळे विचारतात, कोठीत कोण कोण गेलं होतं. मावशी विचारते, चुलीपाशी कोण होतं. गार मांड्याची घडी उलगडून आत अंगठी ठेवता येत नाही, तुकडे होतात. मांडा अख्खा आहे, म्हणजे अंगठी आत गेली ती तो गरम असताना, आणि तेव्हा खापरीच्या हाताच्या अंतरावर दोनच माणसं होती. त्यातली एक ती स्वतः. झालं. नऊ पानं. कादंबरीत मला एवढी सोपी गोष्ट दोनशे पानं लपवता आली नसती, लग्नाला आलेल्या कुठल्याही आजीनं दहाव्या पानावर सांगितली असती.

आता मुद्रितशोधनाचं. प्रकाशकांनी मुद्रितं पुण्याकडे पाठवली होती. परत आली तेव्हा पानापानावर लाल मुंग्या. 'काय करूलाईस?' खोडून 'काय करत आहेस?' 'ओ' जिथं तिथं गाळलेला. "बसा ओ" चं "बसा" केलं की बसायला सांगणारं माणूसच बदलतं, हे मी त्यांना फोनवर कसं समजावणार? त्यांनी नम्रपणे विचारलं, "प्रमाणभाषेत काय अडचण आहे?" मी म्हटलं, अडचण काही नाही, निवेदन सगळं प्रमाणभाषेतच आहे, पण मावशीला ती येत नाही. शेवटी ठरलं की अवतरणचिन्हांच्या आतल्या मजकुराला कुणी शिवायचं नाही. त्या गृहस्थांचा एक उपकार मात्र मानते: चौथ्या कथेत मी सोमवारी एकादशी आणि त्याच आठवड्याच्या बुधवारी पौर्णिमा लिहिली होती, ती त्यांनी धरली. माझ्या रकान्यांत तिथीचा रकानाच नव्हता.

दुसरा वाद हवालदाराचा. त्याचं मराठी कामचलाऊ, मावशीचं कन्नड तसंच, आणि दोघांचं छान जमतं. जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तो टोपी काखेत मारून म्हणतो, "होगली बिडरी, अक्का." अर्थ द्या, अशी सूचना आली. मी दिला नाही. इकडच्या वाचकाला सांगायला नको, आणि सांगलीच्या पलीकडच्याला आठ पुस्तकांत कळलं नसेल तर तळटीप देऊनही कळायचं नाही. पण मग प्रकाशकांची दया येऊन मागच्या पात्रयादीत त्याच्या नावापुढं लिहिलं: 'जाऊ द्या' म्हणणारा पोलीस.

पात्रयादी आली तीही हिशेबातून. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत छापतात. नऊ फॉर्म म्हणजे 144, दहा म्हणजे 160. माझी भरली 152. आठ पानं कापा नाहीतर आठ पानं भरा. कापायला काही उरलं नव्हतं. मग पात्रयादी दोन पानं, डीटीपीच्या पोरानं काढलेला शहापूर ते टिळकवाडी नकाशा दोन पानं, कुठली गोष्ट कुठल्या कादंबरीच्या मागंपुढं येते त्याचा तक्ता एक पान. भाची म्हणाली, इंग्रजी कोझी पुस्तकांच्या शेवटी पाककृती देतात, मांड्याची दे. मी हसले. मांडे वाचून आले असते तर प्रत्येक घरात झाले असते. त्याऐवजी मांडा खावा कसा, यावर तीन पानं लिहिली. दूध किती कोमट, तूप आधी की नंतर, आणि पाहुण्यांसमोर चुरताना आवाज किती होऊ द्यावा. लोकांनी मला सर्वांत जास्त फोन या तीन पानांवर केले. नऊ कथा एका बाजूला.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो, फक्त अर्ज धीरानं भरावा लागतो. छापून झाल्यावर 1954 च्या कायद्याप्रमाणं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती धाडायच्या, ते प्रकाशकांनी केलं. पाचशे प्रती काढल्या. पहिल्या दोनशे बेळगाव आणि आसपासच्या गावांतच गेल्या. गंमत म्हणजे संग्रह वाचून लोक पुन्हा जुन्या कादंबऱ्या मागायला लागले, आणि पहिली कादंबरी तर प्रकाशकांकडे एकही शिल्लक नव्हती. ते उरल्यासुरल्याबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

जानेवारीत एका गावच्या संमेलनात टेबल मांडून बसले होते. दुपारची वेळ, जेवणाची रांग सरली होती. सत्तरीचे एक गृहस्थ आले. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत उभी नोकरी झालेली, बोटांवर जुने भाजल्याचे डाग. संग्रह आधीच वाचलेला होता. नकाशाचं पान उघडून तिसऱ्या गेटावर बोट ठेवलं.

"काकू, ते तिसरं पुस्तक. भिशीचे पैसे जातात ते."

"हां."

"तो पोरगा फाउंड्रीतनं सुटतो, गेट बंद असतंय, मालगाडी जाईपर्यंत पंधरा मिनिटं अलीकडंच थांबतोय. म्हणून तो टिळकवाडीत वेळेवर पोचला नसणार, म्हणून तो सुटतोय. बरोबर?"

"बरोबर."

"गेट बंद म्हणजे मोटारी थांबतात ओ. सायकलवाला कोण थांबतोय? सायकल आडवी करायची, दांड्याखालनं ढकलायची, आपण वाकून पलीकडं. पाळीला उशीर झाला की तीस वर्षं मी तेच केलोय. अख्खी फाउंड्री तेच करतेली."

मी गप्प. चौदा वर्षांपूर्वी छापून गेलेलं पुस्तक. त्या पोराचं निर्दोषत्व त्या एका दांड्यावर टांगलेलं.

"चूक काढूलोय असं नाही," ते घाईनं म्हणाले. "पुस्तक चांगलंच हाय." दोन प्रती घेतल्या, एक मुलीसाठी, आणि गेले.

घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात. मी टिळकवाडीत वाढले नाही, मला ठाऊक नसणं समजू शकते. पण मावशी? सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं त्याच गावात काढलेली बाई. त्या गेटातनं मांड्याची खापर डोक्यावर घेऊन ती किती वेळा गेली असेल. तिला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आणि हवालदाराची तर तिथं ड्युटी असायची.

रात्री तिसरं पुस्तक काढलं. शेवटचं पान. पैसे गल्लीतल्या मारुतीच्या देवळात, शेंदराच्या डब्याखाली, एक रुपया कमी न होता सापडतात. ते कुणी आणून ठेवले हे मी लिहिलंच नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, चोर घाबरला, एवढं पुरे. पोराची आई मावशीच्या पाया पडते. मावशी तिच्याकडं न बघता खापरीची राख झाडत बसते. आणि हवालदार टोपी काखेत मारून, आठ पुस्तकांत पहिल्यांदा, म्हणतो, "होगली बिडरी, अक्का."

वही उघडली. अडीच आणि साडेचारच्या मधला रकाना कोराच होता. त्यात पेन्सिलीनं लिहिलं: साडेतीन. साल तेच, गेट आहे, नोटा जुन्या. मावशी रात्री देवळात जाते. पोरगा आधीच येऊन बसलाय.